कायमचा पत्ता

दर रविवारी मी एका बालगृहात गणित शिकवायला जातो. अठरा पूर्ण झाल्यावर तिथून बाहेर पडलेला एक मुलगा परवा नाशिकच्या शरणपूर रोडवर झेरॉक्सच्या दुकानापाशी भेटला. हातात अंबडच्या एका कारखान्यातल्या नोकरीचा फॉर्म होता. नाव, जन्मतारीख, दहावीचे गुण, सगळं ठसठशीत अक्षरात भरलेलं. ‘कायमचा पत्ता’ या ओळीवर मात्र पेन टेकवून टेकवून शाईचा ठिपका पडला होता.

“काका, इथं तुमचा टाकू?”

टाक म्हणालो. घरी येताना रस्त्याच्या नावाची पाटी वाचली आणि पाय रेंगाळले.

शरणपूर हे एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं नाशिकजवळ वसवलेलं गाव. तिथं रेव्हरंड विल्यम प्राइस यांच्या देखरेखीखाली आफ्रिकन मुलांचा आश्रम होता. पूर्व आफ्रिकेत तेव्हा गुलाम पकडण्यासाठी लढाया होत, गावंच्या गावं जाळली जात. इंग्रज आरमारानं गुलामांची गलबतं अडवली की सुटलेली मुलं मुंबईला उतरवत आणि त्यातली काही नाशिकला पाठवत. सुटली खरी, पण परत जायला ना घर उरलेलं, ना गाव. इथं ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. नावंही इथंच बदलली. आईनं कोणत्या नावानं हाक मारली असेल, ते नोंदवहीत राहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१८६५मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी शोधकाच्या आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासासाठी यांतले नऊ जण निवडले गेले. कोणी वाटेत मेले, कोणी सोडून गेले. नुकत्याच मोठ्या झालेल्या पोरांना पुन्हा त्याच मुलखात धाडताना त्यांच्या मनाचा विचार कितीसा झाला असेल? नंतर, १८७२मध्ये, जेकब वेनराइट हा नाशिकचाच तरुण लिव्हिंग्स्टनच्या तांड्यात सामील झाला. १८७३च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावी वारले, तेव्हा त्यांच्या नावाची आणि तारखेची अक्षरं झाडाच्या बुंध्यावर जेकबनं कोरली. मग सोबत्यांनी मिळून पार्थिव दीड हजार किलोमीटरहून जास्त वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणलं. नऊ महिने लागले. १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब होता. पुढे तो आफ्रिकेत परतला आणि १८९२मध्ये उरांबोला वारला.

पण मला जास्त आठवतात ते १८७५मध्ये मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउन या वस्तीत गेलेले नाशिककर. नव्या मुलखात पाय टेकताना आश्रमात बरोबर वाढलेली माणसं शेजारी होती. नाशिकच्या आश्रमातलेच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८८५मध्ये धर्मोपदेशक झाले. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आलेल्या पोलिश मुलांचंही असंच. त्यांतली कितीतरी पोरकी होती. छावणी मोडल्यावर देशोदेशी पांगली, पण म्हातारपणी एकमेकांना धरून कोल्हापूर बघायला परत आली.

युद्धात मुलांना वाचवायला पुष्कळ हात पुढे येतात. आज सुदान, युक्रेनमधून वाचलेली मुलंही उद्या अठराची होतील, आणि तेव्हाच एकेकटी पडतील. आपल्याकडे कायदा आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहाबाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे. महाराष्ट्रानं २०१८मध्ये अनाथांना एक टक्का आरक्षण दिलं. ते मिळवायला अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात. खोली भाड्यानं घ्यायची तर ओळखीचं माणूस लागतं. ताप आला तर रात्री फोन करायला कोणी लागतं. हे कोणत्याही शासन निर्णयातून येत नाही.

आपल्या गावातल्या बालगृहात जाऊन यंदा अठरा पूर्ण करणारं कोण आहे, एवढं विचारा. त्यातल्या एकाला फॉर्मवर लिहायला आपला पत्ता द्या, आणि त्या पत्त्यावर दिवाळीला जेवायलाही बोलवा.