नागऱ्याच्या बोडीकांठचा दोरा

गोंदियाजवळील नागऱ्यास लोक जातात ते तेथील प्राचीन दगडी शिवालयासाठीं. आम्हीही सहकुटुंब त्यासाठींच गेलों होतों. दर्शन आटोपून परततांना एका बोडीच्या (लहान तळ्यास या भागांत बोडी म्हणतात) कांठीं एक वृद्ध धीवर गळ टाकून बसलेले दिसले, आणि मुलांचे पाय तेथेंच थबकले. मत्स्याहार वर्ज्य असलेल्या घरांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. पण जिज्ञासेला सोंवळें कसलें?

“बाबा, दोरा तो दोरा, त्यांत प्रकार ते कसले?” आम्हीं विचारलें.

ते हंसले. “पाणी, मासा आणि दोरा, तिघांचें जमावें लागतें, गुरुजी.”

पूर्वीं सुताचा पिळलेला दोरा असे. तो पाणी पिऊन जड होई आणि वाळवला नाहीं तर कुजे. युरोपांत रेशीमकिड्याच्या ग्रंथी ताणून तार काढीत. स्पेनमधील मुर्सिया प्रांत त्यासाठीं प्रसिद्ध होता. १९३५ सालीं अमेरिकेंत कॅरॉथर्स यांच्या प्रयोगशाळेंत नायलॉन सिद्ध झालें आणि सारेंच पालटलें. नायलॉनची एकेरी तार ताणली जाते, म्हणून मरळीसारख्या जोरकस माशाचा हिसका सोसते. मात्र पाण्यानें थोडी दुबळी व उन्हानें ठिसूळ होते. दुसरा प्रकार पॉलिएथिलीनच्या बारीक तंतूंच्या वेणीचा. ही तितक्याच जाडीच्या नायलॉनहून फार बळकट, पाण्यावर तरंगणारी आणि जवळजवळ न ताणणारी; माशानें नुसतें चाचपलें तरी बोटास कळतें. पण दगडावर घासली कीं लवकर तुटते. तिसरी फ्लुओरोकार्बनची तार पाण्याच्या सुमारें पावणेदोनपट जड, म्हणून झटकन बुडते. तिच्यांतून जातांना प्रकाश नायलॉनमधल्यापेक्षां कमी वळतो. त्यामुळें नितळ पाण्यांत ती सहज दिसत नाहीं. गढूळ बोडींत हा गुण वायां जातो. बाबांच्या हातीं नायलॉनच होतें.

इतक्यांत गळ पाणवनस्पतींत अडकला व दोरा तुटला. बाबा कमरेइतक्या पाण्यांत उतरले आणि तुटका तुकडा शोधून घेऊनच वर आले.

“एवढ्याशा तुकड्यासाठीं?” धाकट्यानें विचारलें.

“सुताचा कुजून गेला असता, बाळा. हा राहतो. उद्यां सारसाच्या पायांत गुंतला तर?”

महाराष्ट्रांत सारस मुख्यतः याच जिल्ह्यांत उरले आहेत, आणि तेही मोजकेच. धानाचीं शेतें व तळीं हेंच त्यांचें घर. दोऱ्याचा जो टिकाऊपणा धीवरास वरदान ठरला, तोच पांखरास फांस व्हावा, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

घरीं परतल्यावर धाकट्यानें कोणास न विचारतां लांब काठी आणली आणि अंगणांतील कडुनिंबावर संक्रांतीपासून लोंबत असलेला पतंगाचा मांजा सोडवावयास लागला. संध्याकाळपर्यंत घरांतील सारींच मुलें त्या झाडाखालीं होतीं.