सीझनपुरता आयटीवाला

‘महिन्याला पगार कशाला? फोन केला की येतो ना तो!’ हे पप्पांचं लॉजिक. आमचं ऑफिस नाशिकला, पॅकहाऊस पिंपळगाव बसवंतला. धंदा द्राक्ष एक्स्पोर्टचा. मे ते डिसेंबर फ्रीलान्सर पुरतो, मान्य. पण जानेवारी ते एप्रिल? युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग थेट बागेपर्यंत, अपेडाच्या ग्रेपनेटवर. कंटेनर दारात उभा, लेबल प्रिंटर रुसलेला आणि आपला हिरो दुसऱ्याच पॅकहाऊसमध्ये! त्याला दोष तरी कसा देणार? त्याचाही सीझन तोच ना, बॉस. म्हणून यंदा त्यालाच चार महिने पगारावर घेतलंय. रात्री दोनलाही फोन उचलायचा, ही माझी अट. त्याची? पॅकहाऊसजवळ रूम. दिली.