मातीची मूठ

जूनमधला पहिला पाऊस भोपाळच्या काळ्या मातीवर पडतो तेव्हा आधी आवाज येतो. उन्हाळाभर तापून तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पाणी वर रेंगाळत नाही, थेट त्या काळोखात उतरतं, आणि खालून कुणी तहानेनं घोट घ्यावेत तसं काही ऐकू येत राहतं. मग वास उठतो, माती फुगते, भेगा मिटतात, आणि संध्याकाळी शेताच्या कडेनं चालताना ती चपलेला अशी धरते की पावलागणिक पाय जड होत जातो.

सोडत नाही ती.

हे न सोडणं तिच्या कणाकणांत आहे. बेसॉल्ट खडक युगानुयुगं झिजून ही माती झाली. तिच्यातल्या चिकणकणांचे पापुद्रे डोळ्यांना न दिसणारे, अंगावर ऋण भार वागवणारे. शिसं, कॅडमियम, निकेल, जस्त पाण्यातून धन भार घेऊन येतात आणि हे पापुद्रे त्यांना ओढून घेतात. चुनखडी पाण्याला आंबट होऊ देत नाही, कुजल्या पाल्याचा ह्यूमस पकड आणखी घट्ट करतो. माझ्या आजोळची, कोकणातली लाल माती निराळ्या स्वभावाची. पावसात खेळताना फ्रॉकला पडलेला तिचा तांबूस डाग कितीही धुतला तरी जात नसे, पण धातूंच्या बाबतीत ती तेवढी ठाम नाही. तिची पकड लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांवर, आणि त्यांचा भार पाण्याच्या तब्येतीप्रमाणे पालटणारा. आम्लता वाढली की मूठ सैलावते, कॅडमियम आणि जस्त पुन्हा वाहत्या पाण्यात उतरतात.

काळ्या मातीलाही सगळंच धरता येत नाही. सहा संयुजेचं क्रोमियम स्वतःच ऋण भार घेऊन येतं, ते बहुतेक तिच्या हातून निसटतं आणि विहिरीच्या दिशेनं निघतं.

शहराच्या उत्तरेला युनियन कार्बाइडचा कारखाना गंजत उभा आहे. पावसाळ्यात त्याच्या आवारात गवत असं माजतं, की क्षणभर डोळे निवतात. शेळ्या चरतात, पोरं क्रिकेट खेळतात, चेंडू गवतात हरवतो आणि कुणीतरी हातानं चाचपत तो शोधतो. 2 डिसेंबर 1984च्या रात्री सुटलेला वायू हजारो माणसांना घेऊन वाऱ्यावर विरला. पण त्या रात्रीच्या आधीच, कारखाना चालू असताना, आवारात जे ओतलं आणि पुरलं गेलं ते राहिलं. 1999 मध्ये ग्रीनपीसनं तिथल्या मातीचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत पारा सापडला.

सगळं शेवटी मातीत मिळतं, हा आपला केवढा मोठा आधार! पान गळतं, पाखरू पडतं, माणूस जातो. माती त्यांना उलगडते, मोकळं करते, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी काहीतरी हिरवं डोलत असतं. त्या भरवशावर आपण दुःख टाकतो, राख टाकतो, निर्माल्य टाकतो, आणि हात झटकून घरी येतो. पण पारा उलगडत नाही. शिशाचा अणू कुजत नाही, थकत नाही, म्हातारा होत नाही. माती त्याला धरून उभी राहते, पाऊस येतो, उन्हाळा येतो, भेगा पडतात, मिटतात, आणि तिच्या बंद मुठीत तो जसाच्या तसा.

पाण्यावर ती माया करते, त्याची किंमत स्वतः मोजते.

त्याच उत्तर अंगाला, नबीबागेत, भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे. मातीचं जे गणित तिथे कागदावर सुटतं, तेच काही अंतरावर, कुंपणाच्या भिंतीआड, न सुटता पडून आहे.

जानेवारी 2025 मध्ये कारखान्यातला 337 टन विषारी कचरा रातोरात पिथमपूरला नेला, आणि जून संपेपर्यंत तो जाळून झाला. आगीनं रसायनं मोडतात, धातू मोडत नाहीत. ते राखेत उरतात आणि राखेला पुन्हा जमीनच लागते. शिवाय हा झाला जमिनीवर साठवलेला कचरा. नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी आणि हैदराबादची भूभौतिकी संशोधन संस्था एनजीआरआय यांनी 2010 मध्ये अंदाज दिला होता, की इथली सुमारे 11 लाख टन माती दूषित आहे.

337 टन उचलायला चाळीस वर्षं लागली. माती अजून तिथेच आहे.