डॉ. कोनोप्का, जनुक तुमचं होतं

डॉ. रोनाल्ड कोनोप्का यांना,


फेब्रुवारी २०१५ मध्ये तुम्ही गेलात. पुढे २०१७ साली जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना शरीरातल्या जैविक घड्याळावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं. तिघांचं काम त्या तोलाचंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या जनुकावर ते सगळं उभं राहिलं, ते तुम्ही शोधलं होतं आणि तेव्हा तुम्ही विद्यार्थी होता. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. म्हणून हे पत्र.

कॅलटेकमध्ये सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत तुम्ही फळमाश्या घेऊन बसलात. पिकल्या केळ्यांवर घोंघावतात तीच ही चिलटं. कोशातून बाहेर पडायची त्यांची वेळ पहाटेची. तेव्हा हवेत दमटपणा असतो आणि पंख पुरते उलगडण्याआधी माशीचं अंग सुकत नाही. कोश नंतर सतत अंधारात ठेवले तरी ही वेळ साधारण चोवीस तासांच्या अंतराने पाळली जाते, इतकं आधीच्यांनी दाखवलं होतं. तुम्ही पुढचं विचारलंत: एखादं जनुक बिघडवलं तर ही वेळ चुकेल का? वागणुकीमागे असंख्य जनुकं असतात, एकाने काय होणार, असं तेव्हाच्या बहुतेक जाणत्यांचं मत होतं. मॅक्स डेलब्रुक यांच्यासारख्या नोबेल मानकऱ्यालाही ही कल्पना पटेना.

तुम्ही नर माश्यांना जनुकं बिघडवणारं रसायन दिलंत, त्यांचे वंश वेगवेगळ्या बाटल्यांत वाढवलेत आणि भलत्याच वेळी बाहेर पडणाऱ्या माश्या शोधत राहिलात. १९७१ साली बेंझर यांच्यासह लिहिलेला तुमचा निबंध जेमतेम पाच पानांचा आहे. त्यात बिघडलेल्या माश्यांचे तीन वाण आहेत. एकाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तिसऱ्याला ताळतंत्रच नाही. आणि तिन्ही बिघाड एक्स गुणसूत्रावर एकाच जागी!

मला हा निबंध थोर वाटतो तो इथे. नुसती ताल हरवलेली माशी सापडली असती, तर ती आजारी असेल, असं म्हणून कुणीही विषय मिटवला असता. घड्याळ मोडायला काहीही पुरतं. पण एकाच जागी केलेल्या बदलाने ते पुढे धावतं, मागे पडतं किंवा थांबतं, म्हणजे गती ठरवणारा भागच हाती लागला आहे. तुम्ही त्याला 'पीरियड' हे नाव दिलंत.

१९७९ मध्ये आल्फ्रेड हँडलर यांच्यासोबत केलेला तुमचा प्रयोग त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. आखूड दिवसाच्या माशीचा मेंदू काढून तो ताल नसलेल्या माशीच्या पोटात बसवायचा. माशीची लांबी दोन-तीन मिलिमीटर, तेव्हा तिचा मेंदू केवढा असेल! थोड्याच माश्यांमध्ये हे साधलं, पण त्या माश्या मेंदू देणारीच्या आखूड तालावर हिंडू-फिरू लागल्या. पोटातल्या मेंदूच्या मज्जातंतूंचा त्यांच्या स्वतःच्या मेंदूशी संबंध नव्हता. म्हणजे घड्याळ मेंदूत आहे आणि ते शरीरात पाझरणाऱ्या एखाद्या द्रव्यातूनही वेळ कळवू शकतं, हे एका शस्त्रक्रियेतून दिसलं.

पुढचं जग जाणतं. १९८४ मध्ये ब्रँडाइस आणि रॉकफेलर विद्यापीठांतल्या त्या तिघांच्या गटांनी ते जनुक वेगळं काढलं. त्यापासून बनणारं प्रथिन रात्री पेशीकेंद्रात साठतं, स्वतःच्याच जनुकाला थोपवतं, मग झिजतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. २००१ मध्ये तुमच्या जनुकाच्या मानवी भावंडातला बिघाड एका कुटुंबात सापडला. त्यातली माणसं संध्याकाळीच झोपेला येत आणि पहाटेच्या कितीतरी आधी जागी होत.

तुम्ही मात्र तोवर संशोधनाबाहेर गेला होता. कॅलटेकमध्ये तुम्ही प्राध्यापक झालात, पण निबंध फार थोडे छापलेत. तिथे तुम्हाला कायम केलं नाही. नंतर क्लार्कसन विद्यापीठातही तेच झालं. हाती आलेलं लिहून काढणं हाही विज्ञानाचाच भाग आहे, हे मी मानतो. न छापलेला निष्कर्ष कुणाच्या उपयोगी पडत नाही. तरीही एक अख्खी ज्ञानशाखा उघडून देणाऱ्या माणसाला जागा न मिळणं हा अन्याय होता, असंच माझं मत आहे. मेंदूचं रोपण करणारे हात आणखी वीस वर्षं प्रयोगशाळेत असते तर काय सापडलं असतं, याची मला मनापासून हळहळ वाटते.

आमच्याकडेही नेमणुका आणि बढत्यांसाठी निबंध मोजून गुण देतात. निवड समित्यांवर बसणाऱ्यांना तुमच्या नावाने एक विनंती करतो. उमेदवाराला त्याचा सर्वांत आवडता निबंध विचारा, तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा आणि मगच यादी हातात घ्या.

आपला,
एक वाचक