निळा खडू

लोणावळ्याच्या आमच्या उर्दू शाळेत आठवीला पेशी शिकवताना आम्ही फळ्यावर तंतुकणिका काढतो. वालाच्या दाण्यासारखी, दुहेरी पडद्याची. पुस्तकातही तशीच, सुटीसुटी. एकदा एका मुलीने निळ्या खडूने काढलेला पडदा वहीत हिरवा रंगवला. पहिल्या बाकावर बसून, चष्मा लावून. लक्ष नाही म्हणून आम्ही तिला सगळ्यांसमोर रागावलो. ते अजून मनाला लागते.

पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांना तिची दृष्टीची नस फिकी दिसली. पुण्यात रक्त तपासले, तेव्हा ओपीए-१ नावाच्या जनुकात दोष निघाला. कागद घेऊन तिची अम्मी कामशेतहून लोकलने शाळेत आली. ‘‘खाला के लडके से निकाह किया, उसीका है ना, सर?’’ मोहल्ल्यात तेच बोलले जात होते.

आम्ही बी.एड.; पण उत्तर ठाऊक नव्हते. त्या रात्री वाचत बसलो. तंतुकणिका सुट्या नसतातच. त्या सतत एकमेकींत मिसळतात, पुन्हा तुटतात. बाहेर पाऊस होता. काचेवरचे दोन थेंब भेटले की आपसूक एक होतात, पडद्यांचे तसे नाही. बाहेरच्या पडद्यावरची मायटोफ्युजिन ही प्रथिने समोरच्या तंतुकणिकेवरच्या आपल्या जोडीदारांना पकडतात, जीटीपी हे इंधन खर्चून आकार बदलतात आणि दोन्ही पडदे जवळ ओढून जोडतात. असे पहिले प्रथिन १९९७ मध्ये फळमाशीत सापडले. त्याच्या जनुकाचे नाव ‘फझी अनियन्स’, म्हणजे धूसर कांदे! शास्त्रज्ञही गमतीचे. आतला पडदा जोडते ते ओपीए-१. त्याचा या आजाराशी संबंध २००० साली कळला. मिसळण्यामुळे एकीतली उणीव दुसरी भरून काढते. ते अडले की डोळ्यापासून मेंदूकडे जाणारे, फार ऊर्जा खाणारे लांब तंतू आधी सुकतात. निळ्या-हिरव्याची गल्लत त्यातलीच.

आणि या दोषाला एकच बिघडलेली प्रत पुरते. ती आईकडून येवो वा बापाकडून, निकाह नात्यात असो वा परक्यात. नात्यातल्या निकाहाने काही आजार वाढतात हे खरे. पण त्यांना दोन्हीकडची प्रत बिघडलेली लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले, ‘‘आपा, भाईजान को नीला रंग पहचान में आता क्या?’’

ती गप्प झाली. मग म्हणाली, चिक्कीच्या दुकानात ते हिरव्याऐवजी निळे खोके देतात, गिऱ्हाईक हसतात. थोड्या वेळाने तिनेच विचारले, ‘‘और छोटा?’’

प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, आम्ही सांगितले.

हल्ली आम्ही पांढऱ्या खडूनेच, मोठ्या अक्षरांत लिहितो. धाकट्याची तपासणी अजून व्हायची आहे.