विरजण

अम्मीच्या पायाच्या अंगठ्याखाली काळा डाग होता. थळच्या किनाऱ्यावर अनवाणी फिरणारी बाई, काहीतरी लागलं असेल म्हणून आम्ही सगळेच गप्प राहिलो. निदान मुंबईत झालं. मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. मला वाटायचं, हा उन्हात भाजणाऱ्या गोऱ्यांचा आजार. आपल्याकडे तो कमीच. पण झाला की बऱ्याचदा तळव्याला नाहीतर नखाखाली, जिथे ऊन पोचत नाही अशा जागी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतिपत्र आलं, इंग्रजीत. त्यात एक वेगळा रकाना होता: काढलेल्या गाठीचा थोडा भाग संशोधनाला द्याल का? त्यापासून कदाचित ‘सेल लाइन’ तयार करता येईल. उर्दू आणि मराठी शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली, पण दोन्ही भाषांत शब्द सुचेना. शेवटी म्हटलं, “अम्मी, विरजणासारखं. थोडं ठेवायचं, त्यातून पुन्हा पुन्हा लावायचं.”

“म्हणजे मी गेले तरी ते जिवंत?”

यावर काय बोलणार? हेन्रिएटा लॅक्स ही काळी अमेरिकन बाई १९५१ मध्ये ३१ व्या वर्षी गेली. तिला न विचारता घेतलेल्या गाठीच्या पेशी ‘हीला’ नावाने आजही जगभर वाढताहेत. घरच्यांना ते कळायला वीसेक वर्षं लागली. अम्मीला निदान विचारलं तरी होतं. तिला हेही सांगितलं, की असे बहुतेक तुकडे काचेच्या बशीत थोडे दिवस तगतात आणि मरतात. टिकणारं विरजण क्वचितच लागतं.

चाचांचा विरोध होता. शरीर ही अल्लाहची अमानत. कापलेला अवयवसुद्धा दफन करायचा. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. २००२ मध्ये मेलानोमाच्या अनेक पेशींत ‘बीआरएएफ’ या जनुकातला बिघाड सापडला. त्यावरची औषधं आधी अशाच पेशींवर तपासली गेली आणि २०११ पासून रुग्णांना मिळू लागली. तळव्याच्या मेलानोमात मात्र तो बिघाड कमी आढळतो, आणि त्या प्रकारच्या सेल लाइन्सही थोड्याच आहेत. अम्मीसारख्यांच्या पेशीच बशीत नसतील, तर अम्मीसारख्यांचं औषध कशावर तपासणार?

नावांचा घोळ तर विचारूच नका. ‘एमडीए-एमबी-४३५’ ही सेल लाइन वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली. पुढे कळलं, ती ‘एम१४’ ही मेलानोमाची लाइन आहे. हजेरीपटात एकाच्या नावापुढे दुसऱ्याची हजेरी! म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी पेशी नुसत्या गोठवून ठेवत नाहीत, त्यांची ओळखही पटवतात.

अम्मीने एवढंच विचारलं, “माझं नाव लिहितील?”

“नाही, फक्त नंबर.”

“मग दे पेन.” तिने उर्दूत सही केली. नर्सने फॉर्म उलटासुलटा करून पाहिला.

तपासणी संपल्यावर उरलेला अंगठा आम्ही अर्ज करून घेतला. मांडव्याच्या बोटीत डबा चाचांच्या मांडीवर होता. कबरस्तानात कोपऱ्यात छोटा खड्डा खणून झाल्यावर त्यांनी विचारलं, “सगळा आहे ना?”

मी म्हटलं, “थोडा मुंबईला राहिलाय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माती लोटायला सुरुवात केली.