कुलूप, पाणी आणि आमची कबड्डी

८ मार्चच्या रविवारी भर मैदानात चौघींनी मला आडवं पाडलं. व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलाय, पुढेही पाठवलाय. हसलात, ते बरोबरच केलंत. मीही हसले. पण त्या व्हिडिओत जे दिसत नाही ते सांगायला ही पोस्ट लिहितेय. जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा.

तर झालं असं. आपल्या मैदानावर रोज संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवणारे निवृत्त पी.टी.चे सर तुम्हाला माहीतच आहेत. फेब्रुवारीत ते ऑफिसात आले. म्हणाले, "मॅडम, दरवर्षी महिला दिनाला तुम्ही रांगोळी आणि संगीत खुर्ची छापता. यंदा बायकांची कबड्डी घेऊ. पस्तिशीच्या पुढच्या बायका. शेजारच्या गावचा बचत गट तयार आहे."

मी म्हटलं, "छान आहे सर, बातमी देते."

"बातमीचं नंतर बघू. आपल्या संघात सहाच जणी झाल्यात. सातवी पाहिजे."

मी ४४ वर्षांची. शाळेत दहावीपर्यंत खेळले. त्यानंतर मैदानाशी संबंध आला तो बातमीपुरता. आणि खरं सांगायचं तर वीस वर्षं मी महिला कबड्डीची बातमी कशी लिहिली, तर पुरुष गटाच्या अंतिम सामन्याचं सगळं वर्णन झाल्यावर शेवटी एक ओळ: 'महिला गटात अमुक संघ विजयी ठरला.' कोणी चढाई केली, कोणी पकड केली, किती गुणांनी जिंकल्या, काही नाही. जागा नसायची, हे खरं. पण जागा मागितली होती का, तर तीही नाही.

म्हणून हो म्हटलं.

आमचा संघ ऐका. कर्णधार एस.टी.च्या कंडक्टर ताई, त्या लग्नाआधी जिल्ह्यापर्यंत खेळलेल्या. डाव्या कोपऱ्यात आशाताई. उजव्या कोपऱ्यात मंडईतल्या भाजीवाल्या वहिनी, त्यांच्या हातात घोटा सापडला की सुटत नाही. मध्ये झेडपीच्या शाळेच्या बाई आणि पिठाच्या गिरणीवाल्या दोघी जावा. या दोघी घरी एकमेकींशी फारशा बोलत नाहीत, पण मैदानावर दोघींची साखळी अशी की तोडून दाखवा. आणि मी, चढाईला. सीनिअर महिला गटाला ७५ किलोची वजनमर्यादा असते. आमच्यासाठी सरांनी वजनकाटा आणला नाही, हे उपकार.

तीन आठवडे सराव केला. रोज सहा ते सात. पहिल्या दिवशी दोन चढायांत दम संपला. टीव्हीवर बघताना तीस सेकंदांची चढाई म्हणजे काहीच वाटत नाही. तोंडाने 'कबड्डी कबड्डी' चालू ठेवून, निदान रेषा ओलांडून, सात जणींच्या हातांवर नजर ठेवून परत मध्यरेषेला यायचं, म्हणजे ते तीस सेकंद किती लांब असतात ते कळतं. महिलांचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. बाहेरून बघताना लहान वाटतं. आत गेल्यावर परतीची रेषा कोसभर लांब जाते.

दुसऱ्या दिवशी मी घरून येताना दोन तांबे पाणी पिऊन आले. अर्ध्या सरावात जायची वेळ आली. मैदानाच्या कोपऱ्यात महिलांचं स्वच्छतागृह आहे, हे मला चांगलं माहीत होतं. कसं माहीत होतं ते पुढे सांगते. गेले तर दाराला कुलूप. कडीला गंज. कुलूप दोन पावसाळे तरी उघडलेलं नसावं.

परत आले तर कंडक्टर ताई हसल्या. "मॅडम, आम्ही चारनंतर पाणीच पीत नाही. स्टँडवरची सवय आहे."

मीही तिसऱ्या दिवसापासून तेच केलं. विशेष म्हणजे त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आपण बायका आहोत, बाहेर जायचं म्हणजे पाणी कमी प्यायचं, हे कोणी शिकवत नाही तरी येतं. लग्नाला जाताना, प्रवासाला जाताना, मोर्चा कव्हर करायला जाताना मी हेच करते.

सामन्याच्या दिवशी चारचं ऊन. बचत गटाच्या बायका टेम्पोतून आल्या. सात खेळणाऱ्या आणि पंधरा ओरडणाऱ्या. कपडे बदलायला खोली नाही. चार मुलींनी टेम्पोच्या मागे सतरंजी धरली आणि तिच्या आड एकेक जण साडी सोडून ट्रॅक पँटमध्ये येत गेली. एकीने नवऱ्याचा टीशर्ट घातला होता, त्यावर कुठल्या तरी खत कंपनीची जाहिरात. पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा दोन्ही हात छातीवर घट्ट. दहा मिनिटांनी तीच बाई मांडीवर थाप मारून म्हणत होती, "या की!"

गर्दी किती होती ते तुम्ही बघितलंच. मला वाटलं होतं लोक टिंगल करायला येतील. पहिली दोन मिनिटं केलीही. मग आशाताईंनी त्यांच्या सगळ्यात तगड्या चढाईवालीचा घोटा धरला, ती पडली, गिरणीवाल्या जावा वरून आल्या आणि मैदान एकदम गप्प झालं. त्यानंतर जो आवाज आला तो टिंगलीचा नव्हता.

महिलांचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांचा असतो. सरांनी आमची वयं बघून दहा-दहाचा केला. मध्यंतराला त्या ११, आम्ही ९. उसात वाकून काम करणाऱ्या बायका त्या, कंबर अशी की हलत नाही. दुसऱ्या डावात कंडक्टर ताईंनी एका चढाईत दोघींना बाद केलं आणि आम्ही जवळ आलो. शेवटचं मिनिट. २२-२१. त्या एका गुणाने पुढे. ताई बाद होऊन बाहेर बसलेल्या. चढाई माझी.

गेले. निदान रेषा ओलांडली. त्यांच्या डाव्या कोपऱ्यातल्या बाईच्या खांद्याला हात लागला. लागला, मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. वळले. मध्यरेषा दोन पावलांवर. आणि उजव्या पोटरीत असा गोळा आला की पाय जागेवर थांबला.

आता तो व्हिडिओ परत बघा. चौघी मला पाडतात, त्याच्या आधी एक क्षण मी उभीच्या उभी थांबलेली दिसते. बऱ्याच जणांनी खाली लिहिलंय, 'मॅडम घाबरल्या.' घाबरले नव्हते हो. पाय चालत नव्हता. परत येता आलं नाही, त्यामुळे केलेला स्पर्श गेला आणि गुण त्यांना. २३-२१. हरलो.

बाहेर आणल्यावर आशाताईंनी पिशवीतून ओआरएसची पुडी काढली. पाय दाबता दाबता विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यायलीस?"

आठवावं लागलं. बाराला जेवताना अर्धा ग्लास. नंतर जीभ ओली करण्यापुरतं.

त्यांनी बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांचं तेच. मार्चच्या उन्हात सात बायका पाणी न पिता वीस मिनिटं झटापट खेळल्या होत्या. माझं वय आणि वाढलेलं वजन यांचाही दोष आहेच, तो नाकारत नाही. पण पाण्याचं तर आमच्या हातात होतं ना? तर नव्हतं. ते त्या कुलपात होतं.

सतरंजी धरणाऱ्या मुलींपैकी एक, आठवीतली, बाजूला उभी होती. ती सहज म्हणाली, "मावशी, आम्ही तर शाळेतून आल्यावर रोजच नाही पीत."

रोजच. आमचे तीन आठवडे होते. या मुलींची तीन-तीन वर्षं. आशाताईंनी मग सगळ्यांसमोर सांगितलं की लघवीला जळजळ होते म्हणून याच मैदानावरच्या मुली त्यांच्याकडे येतात. पाणी कमी पिणं आणि लघवी धरून ठेवणं, दोन्हींनी हा त्रास वाढतो. सरांनी हजेरीची वही काढली. दर महिन्याला प्रत्येक मुलीच्या नावापुढे चार-पाच दिवसांची गैरहजेरी. सर म्हणाले, "मी यांना दांड्या मारतात म्हणून ओरडायचो. एकीनंही मला कधी सांगितलं नाही."

झेडपीच्या बाई म्हणाल्या, "सर, तुम्हाला कसं सांगतील?"

सर काही बोलले नाहीत. वही मिटून बसले.

आता माझं सांगते. ते स्वच्छतागृह मला कसं माहीत होतं? त्याच्या लोकार्पणाची बातमी मीच लिहिली होती. तीन कॉलम, फितीच्या फोटोसकट. शेवटचं वाक्य घरी जाऊन कात्रणात बघितलं: 'यामुळे खेळाडू मुलींची मोठी सोय झाली आहे.' मी त्या कार्यक्रमाला गेले होते. नारळ फुटला, भाषणं झाली, चहा झाला. मी दार उघडून आत गेले नाही. नळ फिरवून बघितला नाही. नळाला पाण्याचं कनेक्शनच नव्हतं, हे मला आत्ता कळतंय. पत्रकारितेच्या पदविकेत आम्हाला कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसं हे सहा प्रश्न पाठ करायला लावले होते. दार उघडून बघा, हे कोणी वेगळं सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती म्हणा.

गेल्या सोमवारी पालिकेत गेले. कोणावर खापर फोडायला नाही, समजून घ्यायला. इमारत एका निधीतून झाली. पाण्याच्या कनेक्शनची तरतूद त्यात नव्हती. बिल कोणाच्या नावावर यायचं यावर फाइल अडली. किल्ली ज्या विभागाकडे आहे तो म्हणतो, पाणी आलं की उघडू. पाण्याचा विभाग म्हणतो, ताबा कोणाचा ते लेखी द्या. कोणीच खोटं बोलत नाही. फक्त मुलींना तहान लागते, हे कुठल्याच फाइलवर नाही.

काही जण म्हणतील, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? आम्ही खेळलोच की. खेळलात, मान्य. पण तुमच्याबरोबरच्या किती मुली सोडून गेल्या, ते कोणी मोजलं का? आमच्या शाळेच्या संघातल्या पाच जणींनी नववीत खेळ सोडला. घरचे नको म्हणाले असंच आम्ही समजत होतो. आता मला शंका येते.

आपल्याला कबड्डीचा अभिमान फार. असायलाच हवा. २०१२ साली पाटण्याला महिलांचा विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या: सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवून सुवर्ण जिंकलं. ते भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक. त्या दिवशी आपल्या प्रत्येक ग्रुपवर तो फोटो फिरला, मीही टाकला. पण आशियाई स्पर्धेत पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये आली आणि महिलांची २०१० मध्ये, वीस वर्षांनी. मुलींच्या वाट्याला सगळं उशिरा येतं, याची आपल्याला सवय झालीये. एका नळासाठी तरी ती सवय मोडूया.

मागणी मोठी नाही. एक, पाण्याचं कनेक्शन. दोन, किल्ली मैदानावर, सराव चालू असताना दार उघडं. तीन, त्या कोपऱ्यातला बंद दिवा, कारण थंडीत सहालाच अंधार पडतो आणि दार उघडं असलं तरी अंधारात तिकडे कोणी मुलगी जाणार नाही. निवेदनावर आमच्या सात जणींच्या सह्या आहेत, बचत गटाच्या सात जणींच्याही आहेत. पोच माझ्याकडे आहे. मुलींच्या सह्या मुद्दाम घेतल्या नाहीत. त्यांनी खेळावं, भांडायला आम्ही आहोत.

पालकांना एक विनंती. तुमची मुलगी मैदानावरून घरी आली की आधी घटाघट पाणी पिते का, एवढं बघा. पीत असेल तर तिला विचारा.

१५ जुलैला कबड्डीमहर्षी बुवा साळवींची जयंती, आपला कबड्डी दिन. त्या दिवशी परतीचा सामना ठरलाय. पाऊस असला तर शाळेच्या हॉलमध्ये, नसला तर मैदानावर. भाजीवाल्या वहिनी आत्तापासून सरावाला यायला लागल्यात. मीही पोटरी बरी झाली की येणार आहे. बातमी यावेळी पहिल्या ओळीपासून आमची असेल.

सामन्याच्या आधी मी त्या दारापाशी जाऊन येईन. उघडं असेल आणि नळाला पाणी असेल, तर तसं लिहीन, ज्यांनी केलं त्यांचे जाहीर आभार मानीन. कुलूप असेल तर तेही लिहीन. यावेळी हात लावून बघितल्याशिवाय मात्र एक अक्षर लिहिणार नाही.